आबांचा वर्दीतला फोटो

आज १६ डिसेंबर. सकाळपासून गावच्या ग्रुपवर आमच्या आबांचा वर्दीतला फोटो फिरतोय. नातू म्हणून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण थोडा रागही येतो. १९७१ ची लढाई ३ डिसेंबरला पेटली अन् १६ ला ढाक्यात शरणागती झाली. तेरा दिवस. बाकी सगळा जन्म हा माणूस शेतकरी होता, पलटणीत असतानासुद्धा.

आमचा माण तालुका, सातारा जिल्ह्यातला. पाऊस सह्याद्रीवरच सांडतो, आमच्याकडं नुसते ढग येतात. आबा १९५७ ला भरती झाले ते देशासाठी, असं भाषणांत सांगतात. ते स्वतः म्हणायचे, "चार भाऊ, सहा एकर. खायचं काय?" माण-खटावची एवढी पोरं फौजेत का जातात याचं उत्तर मला तरी शौर्याआधी पावसात दिसतं. कुणाला राग आला तर येऊ दे.

बेळगावला ट्रेनिंग, मग मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटन. रजा मागायची ती पेरणीच्या टायमाला. ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावरून आलेली पत्रं आजीनं ट्रंकेत ठेवलीत. तिला वाचता येत नव्हतं, मास्तर वाचून दाखवायचे. सगळी पत्रं मी वाचली. लढाईचं अक्षर नाही (लिहू देत नसतील म्हणा). विहिरीला सुरुंग लावला का, खोंड औताला धरलं का, सावकाराचं किती राहिलं, एवढंच.

त्यांची लढाई जमालपूरची, आताच्या बांगलादेशातली, ब्रह्मपुत्रेकाठची. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री तिथली फौज ढाक्याकडं निसटायला निघाली, तेव्हा वाट अडवून मराठे बसले होते. हे मी वाचलेलं. आबा सांगायचे ते निराळंच. कापणीला आलेलं भात बुटाखाली तुडवावं लागलं. "कुणाचं तरी वरीसभराचं हुतं रं ते."

पेन्शनीत आले ते थेट बहात्तरच्या दुष्काळात. मेडलं मिळवलेला माणूस दुष्काळी कामावर आजीशेजारी बसून खडी फोडत होता. मुकादमानं विचारलंच, "तुमाला पेन्शन हाय की, हितं कशाला?" त्या पेन्शनीत बैलांचा कडबाही भागत नव्हता. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, पोरांना मदतीत मिळणारी सुकडी. खिलार जोडी जनावरांच्या छावणीत बांधली, त्यातला एक बैल परत आलाच नाही. लढाईतल्या जखमेबद्दल आबा कधी बोलले नाहीत, त्या बैलाबद्दल मात्र मरेपर्यंत बोलत राहिले.

आणि विहीर? ती आजीनं पुरी केली, आबा सरहद्दीवर असताना, दोन पोरं काखेत घेऊन. सातबाऱ्यावर नाव आबांचं. ग्रुपवरच्या फोटोतही आबाच.

म्हणून दुपारी मी त्या विहिरीचा फोटो टाकला, काठावर आजी बसलेली. दोन अंगठे आलेत. एक माझ्या बहिणीचा.