करंगळी सोडून बाकी सगळं

रात्री अडीच वाजता माझा उजवा हात गायब झाला. म्हणजे होता जागेवरच, पण माझा नव्हता, कुणीतरी ओला नॅपकिन पिळून उशीवर टाकलाय असं वाटत होतं. उठून बसले आणि थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायला लागले. आमचे हे दचकून उठले, लाइट लावला आणि म्हणाले, "हस बघू." लकवा असला की तोंड वाकडं होतं असं कुठंतरी वाचलेलं त्यांनी. अडीच वाजता कोण हसतंय, मी हसले नाही म्हणून ते अजूनच घाबरले.

मग हे रोजचंच झालं. रात्री झटकायचं, सकाळी भाकरी थापताना मुंग्या, गाडीची मूठ धरली की मुंग्या, आणि दिवसभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याची बिलं मारायची तर माउस धरून परत मुंग्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "करंगळीला येतात का?" मी विचार केला. अंगठा, त्याच्या शेजारची दोन, अनामिकेची अर्धी बाजू, सगळी बधिर, आणि करंगळी मात्र नामानिराळी! लग्नघरातल्या त्या एका जावेसारखी. डॉक्टर खूश झाले, कारण करंगळीची नस वेगळी. मग उलटा नमस्कार करायला लावला, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून बोटं खाली, एक मिनिट. चाळीस आकडे मोजेपर्यंत मुंग्या हजर. कार्पल टनेल.

मनगटात एक बोगदा असतो म्हणे, त्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. मला लगेच वडापची जीप आठवली. नऊ पॅसेंजर आधीच कोंबलेले, दहावी बिचारी नस दारात लटकलेली, आणि जरा कुणी फुगलं की पहिली तीच चेंगरणार. झोपेत आपण मनगट मुडपून ठेवतो म्हणून खेळ रात्रीचा. शुगर, थायरॉइड तपासलं, दोन्ही नॉर्मल. "ऑपरेशन लगेच नको, सहा आठवडे घरीच बघू. पण वस्तू हातातून पडायला लागल्या, बधिरपणा चोवीस तास राहिला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागला तर घरी खेळत बसू नका, लगेच या."

घरी बघू म्हणजे काय, घरच्यांनीच बघितलं की हो.

सासूबाईंनी निरगुडीचा पाला उकळला. शेक घेताना बरं वाटायचं हे खरं, पण बधिर बोटांना पाणी किती गरम ते कळतच नाही, एकदा चांगलं पोळून घेतलं तेव्हापासून डाव्या हातानं बघून मगच उजवा बुडवायचा असा नियम. तासाभरानं मुंग्या परत ड्युटीवर. बर्फाचा शेक मे महिन्यात सुरू केला, सोलापूरचा मे, पारा त्रेचाळीसला, बर्फ मनगटापर्यंत पोचायच्या आधी पोरांच्या सरबतात जायचा. शेजारच्या अक्कांनी व्हिटॅमिन बी-सिक्सच्या गोळ्या आणून दिल्या, "भारी डोस हाय, घे." फार्मसीतल्या भाच्यानं सांगितलं की त्याचा डोस जास्त झाला तर उलट हातपायच बधिर होतात! गोळ्या अजून फ्रिजवर आहेत, अक्का आल्या की पुढं ठेवते. दुखण्याच्या गोळीनं दुखणं थोडं कमी झालं, मुंग्या नाही, ॲसिडिटी मात्र फुकट मिळाली.

नसेचा व्यायाम म्हणजे मूठ, मग बोटं सरळ, मग मनगट मागं, मग अंगठा बाहेर, सावकाश. ऑफिसात करत होते तर साहेब उठून आले, "बोलावलं का?"

आणि मनगटाचा पट्टा. मेडिकलातून आणला तर आतली पत्र्याची पट्टी वर वाकलेली, म्हणजे मी रात्रभर कुणालातरी 'थांब' म्हणतेय. फिजिओथेरपिस्टबाईंनी पट्टी काढून सरळ केली, मनगट सरळच हवं म्हणाल्या, आणि सैल बांधा, आवळलं तर बोगदा अजून आवळतो. त्या पट्ट्याचं वेलक्रो आणि सोलापुरी चादर यांचं जे जमलं ते काय सांगू, कूस बदलली की चादर माझ्याबरोबर, हे उघडे. एकदा ऑफिसात घालून गेले तर सॅम्पलचा टॉवेल चिकटला आणि ओढताना त्याचे फासेच निघून आले, सुपरवायझर माझ्याकडं बघेना. पण आठवड्याभरात मी रात्री उठायची थांबले. ना वास, ना वाफ, नुसता मुका पट्टा.

विश्रांतीपण लिहून दिलेली. म्हणजे भाकरी बंद. मी कडक भाकरीचं पाकीट आणलं, शेंगाचटणी आणि दही घेऊन ऐटीत बसले, आणि लक्षात आलं की कडक भाकरी मोडायलाच चांगला हात लागतो. अंगठ्यात दाबली, कट्टकन आवाज आला, भाकरीचा नव्हे. शेवटी ह्यांनी परात ओढली. पहिली भाकरी कर्नाटकासारखी झाली, दुसरी तव्यावरच फाटली, पण अकराव्या दिवशी एक फुगली तर फोटो काढून गावभर पाठवला.

आता सहा आठवडे झालेत, हात पुष्कळ बरा आहे. सासूबाई म्हणतात निरगुडी, अक्का म्हणतात बी-सिक्स (गोळ्या घेतल्याच नाहीत हे मी सांगितलंच नाही), हे म्हणतात माझ्या भाकरी. पट्ट्याचं नाव कुणी घेत नाही. काल सकाळी हे परातीपुढं बसले आणि एकदम हात झटकायला लागले.

"अगं, मला पण मुंग्या येलाल्यात."

"करंगळीला?"

"हो, करंगळीलाच."

"मग ते हे नव्हे. मळा पीठ."