आजीची आठ बाळंतपणं आणि सुनेचं छत्तिसावं वर्ष

ताई, घोडबंदर रोडवरून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आईचं वय, बाळंतपणाची खेप कितवी आणि बाळाचं वजन यांवरच्या माझ्या पोस्टचा तुम्हाला राग आलाय. तुमची आजी १६व्या वर्षी बाळंत झाली, आठही बाळंतपणं घरात झाली, सगळी मुलं धट्टीकट्टी निघाली. आणि आज तुमची सून ३६व्या वर्षी पहिलटकरीण आहे, तर मी तिला घाबरवते, वय काढून दोष आईच्या पदरात टाकते, असं तुमचं म्हणणं.

सुनेबद्दल तुमचं बरोबर आहे. पस्तिशी उलटली की बाळ कमी वजनाचंच होणार, असं वाटावं असं एक वाक्य माझ्याकडून गेलं होतं. ते चूक होतं, आज बदललं. पस्तिशीनंतर रक्तदाब आणि साखर वाढण्याची शक्यता वाढते. रक्तदाब चढला की वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी पडतं. मग बाळ पोटात वाढत नाही किंवा दिवस भरायच्या आत त्याला बाहेर काढावं लागतं. तिचा रक्तदाब आणि साखर जागेवर असेल, तर नुसत्या ३६ या आकड्याची धास्ती घेऊ नका.

आजीचं मात्र मला पटत नाही. घरात जन्मलेल्या बाळांना तेव्हा काट्यावर कोण घालत होतं? २५०० ग्रॅमच्या खाली ते कमी वजनाचं, हे आपण वजन करतो म्हणून कळतं. आणि आठ ही जन्मलेल्यांची संख्या की जगलेल्यांची? माझी आजी ‘मला सहा’ म्हणायची. देवाघरी गेलेली दोन ती त्यात धरायचीच नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं अंग अजून भरत असतं. त्यात रक्त कमी आणि पहिली खेप. पहिलं बाळ तसंही पुढच्या भावंडांपेक्षा सरासरीने थोडं हलकंच असतं. हे जुन्या काळाचं म्हणून सोडून देता येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली.

आता ‘मागचं सगळं कशाला उकरता’ या आधीच्या बाळंतपणांबद्दलच्या तुमच्या प्रश्नाकडे येते. मी नवी मुंबईत दिघा-रबाळे पट्ट्यात २८ वर्षं एएनएम, म्हणजे घरोघरी जाऊन गरोदर बायका तपासणारी नर्स होते. दिघ्यातल्या एका चाळीत २२ वर्षांची मुलगी, शेजारी सासू. कितवी खेप विचारलं तर सासूच म्हणाली, पहिली. तपासणीच्या कार्डावर तसंच लिहिलं. सासू पाणी आणायला उठली तेव्हा मुलगी हळूच बोलली: वर्षापूर्वी गावी सातव्या महिन्यात बाळंत झाले होते, बाळ तीन दिवस जगलं. घरात त्याचं नाव काढायचं नाही, अपशकुन होतो, असं तिला सांगितलेलं.

ताई, त्या तीन दिवसांच्या बाळाने तिची सगळी तपासणी बदलली. आधीचं बाळ दिवस न भरता किंवा कमी वजनाचं झालं असेल, तर पुढच्या वेळीही तसं होण्याची भीती इतर बायकांपेक्षा जास्त असते. शिवाय मध्ये अंतर नव्हतं. जिवंत बाळ जन्मल्यानंतर पुढचे दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात आईचं रक्त आणि ताकद भरून येते. हिचं काहीच भरून आलं नव्हतं. आम्ही तिला वेळेत मोठ्या दवाखान्यात जोडून दिलं. ३६व्या आठवड्यात २३०० ग्रॅमचं बाळ झालं. कमी वजनाचंच, पण अंगावर दूध ओढत होतं, आईच्या छातीशी उबेत राहिलं आणि वाढलं.

आईला दोष देऊ नये, हे तुमचं म्हणणं म्हणूनच मला मनापासून मान्य आहे. दोष येईल या भीतीनेच बाई गप्प बसते, आणि मग कार्डावर खोटं लिहिलं जातं.

तुम्ही सुनेला पहिलटकरीण म्हणालात आणि तसंच असेल. तरी पुढच्या तपासणीला तिच्यासोबत गेलात, तर डॉक्टरांशी तिला पाच मिनिटं एकटीने बोलू द्याल का?