६१५ कोटी भागिले १४० कोटी

चांद्रयान-३ चंद्रावर उतरले २३ ऑगस्ट २०२३ ला. तो फॉरवर्ड मात्र अजून फिरतोच आहे. परवा घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला आणि खाली मावश्यांचे जोडलेले हात. मजकूर असा: यानाचे ६१५ कोटी १४० कोटी लोकांत वाटले असते तर प्रत्येकाला चार कोटी मिळाले असते, पैसा चंद्रावर गेला, यान चौदा दिवसांत बंद पडले, शेतकऱ्याला, कोळ्याला काय मिळाले?

आधी भागाकार. वरचा कोटी खालच्या कोटीने उडतो हो! उरतात चार रुपये एकोणचाळीस पैसे. माणशी, तेही एकदाच. यात वडापावमधला पावच काय तो येईल.

बरं, रेशनला दिले असते तर? २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अन्न अनुदान होते सुमारे १ लाख ९७ हजार कोटी, म्हणजे दिवसाला ५४० कोटी. मोहीम रद्द करून सत्तावीस तासांचे रेशन निघाले असते. त्याच अर्थसंकल्पात पीएम-किसानला ६० हजार कोटी आणि अख्ख्या अवकाश विभागाला साडेबारा हजार. केंद्राच्या दर शंभर रुपयांतले अठ्ठावीस पैसे.

एक मान्य करतो. ६१५ हा आकडा थोडा फसवा आहे. संपर्कासाठी चांद्रयान-२ चा ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती घिरट्या घालणारे यान, आयता फिरत होता आणि त्या मोहिमेला ९७८ कोटी लागले होते. दोन्ही धरा: माणशी अकरा रुपये अडतीस पैसे.

पैसा चंद्रावर गेलेला नाही. गेला तो इंधनासह पावणेदोन टनांचा लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग. रॉकेटच्या द्रव इंधनाच्या टप्प्यातली 'विकास' इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात. पगार तिथे होतात. चौदा दिवसांचे म्हणाल, तर लँडर सौरऊर्जेवर चालणारा आणि चंद्रावरचा दिवस तेवढाच. तो बिघाड नव्हे.

कोळ्यांचा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो वाचून कोळी उपग्रहांवरून मिळणाऱ्या मासळीच्या सूचनांकडे पाठ फिरवू शकतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांवरून समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य मोजते. थंड-उबदार पाणी भिडते तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढते, मागोमाग मासळी येते. मग बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली कळवली जाते. शोधाशोध कमी, डिझेल कमी. ढग असले की उपग्रहाला खालचे दिसत नाही, त्या दिवशी सल्ला नाही. आणि हे काम समुद्रावर नजर ठेवणाऱ्या ओशनसॅटसारख्या उपग्रहांचे, चांद्रयानाचे नव्हे. समर्थकही इथे सरमिसळ करतात.

खरी उणीव २०१७ च्या ओखी वादळात दिसली. इशारे निघाले, पण मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेलेल्या नौकांना ते कळलेच नाहीत. म्हणून आता १ लाख नौकांवर उपग्रहाचे संदेश घेणारे ट्रान्सपाँडर बसवायची योजना आहे. तरतूद ३६४ कोटी. मामा, माणशी दोन रुपये साठ पैसे.