स्कालोनीला टीम सांगणारा माणूस

18 डिसेंबर 2022 च्या रात्री कोच स्कालोनीच्या अर्जेंटिनानं फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला, हे अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे. तो तुमच्या सांगण्यावरनं जिंकला, हे अजून पेठेला पटवायचं राहिलंय. तेव्हा नीट ऐका.

पहिलं पथ्य म्हणजे सौदी अरेबियाविरुद्धच्या मॅचचा विषय काढायचा नाही. 22 नोव्हेंबरला 2-1 नं हरल्यावर ‘ह्या स्कालोनीला हाकला’ म्हणून चौकात ओरडत होता कोण, हे कुणाला आठवलंच तर त्याला चहा सांगा. मग हळूच, ‘मी तवाच म्हटलंतं, एन्झोला घाल.’ एन्झो, मॅक अ‍ॅलिस्टर आणि अल्वारेझ, तिघंही त्या दिवशी सुरुवातीच्या अकरात नव्हते. त्यातली दोन नावं तुम्ही तोवर ऐकलीही नव्हती, पण ते घरचं गुपित.

डावपेच समजावताना टेबलावर कांद्याच्या फोडी मांडा. नेदरलँड्सविरुद्ध मागं पाच फोडी. क्रोएशियाविरुद्ध परेडेसला आणून मधे चार. फायनलला फ्रान्सविरुद्ध डी मारिया परत आला, तो उजवीकडं नाही, डावीकडं. ही फोड सरकवताना आवाज खाली आणायचा. समोर फ्रान्सचा कुंडे, म्हणजे सवयीनं सेंटर बॅक, मधला बचाववाला, आणि त्याच्या मदतीला मागं धावायचा कंटाळा असलेला डेम्बेले. त्याच डेम्बेलेनं डी मारियाला पाडलं, 23व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी. 36व्याला मॅक अ‍ॅलिस्टरच्या पासवर डी मारियाचा स्वतःचा गोल. फ्रान्सचा कोच देशाँनं हाफटायमाचीही वाट बघितली नाही, 41व्या मिनिटालाच जिरू आणि डेम्बेलेला बाहेर काढलं. इतकं खोलात मात्र शिरू नका. लोकांना पटतं, आणि श्रेय स्कालोनी घेऊन जातो.

अडचण एकच. 64व्या मिनिटाला डी मारियाला बाहेर काढलं, आणि पुढं 80 आणि 81व्या मिनिटाला एम्बापेनं दोन ठोकले. इथं मान हलवायची: ‘तिथं माझं ऐकलं नाही त्यानं.’ जिंकलेलं आपलं, हुकलेलं त्याचं. जादा वेळेच्या अगदी शेवटी आपला गोलकीपर मार्टिनेझनं पाय लांब करून कोलो मुआनीचा फटका अडवला, तो अर्थात परत तुमच्या प्लॅनमध्ये होताच. पेनल्टीत 4-2.

शेजारचा ब्राझीलवाला पाच कप मोजून दाखवील. मोजू द्या. शेवटचा कधीचा, एवढंच विचारा. 2002 म्हणताना त्याचा आवाज आपोआप उतरतो.

शाहू स्टेडियमवर तुमच्या तालमीची फुटबॉल टीम उतरेल तेव्हा मात्र यातलं काही करायचं नाही. डावा विंगर कितीही चुकीच्या जागी दिसू दे, गप बसून शेंगा खायच्या. स्कालोनी काय तुम्हाला जाब विचारायला येत नाही. तालमीचा कोच संध्याकाळी गंगावेशीत दुधाचा पेला घेऊन तुमच्याच शेजारी उभा असतो, आणि उद्या सकाळी सहाला मैदानावर या, म्हणतो.