नावेवरच्या गॅसचा तो मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

थंडी पडली की आपल्याकडं भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि आता उकाईच्या बॅकवॉटरला, हतनूरला, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बाजूला नावेवरच शेगडी मांडायची टूम निघालीय. तुरकाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, न भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणू नये हे माझं मत, पण तो वाद वेगळा. वाद आहे तो 'नावेवर गॅस बसवा, फक्त घरच्या सामानात' या मेसेजचा. सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात सांगतो त्यात काय आहे. नाव उघड्यावर असते म्हणून गॅस उडून जातो, हंडी (म्हणजे गॅसचा सिलिंडर) फळ्यांखाली गारव्याला ठेवा, घरचा पाइप चालतो, तो खालून न्या, जोडाला टेप मारा, लीक बघायला काडी ओढा, गळाला तर वास येतोच, आणि पाऊस आला तर ताडपत्री बांधून आत स्वयंपाक करा. मी हॉटेलांच्या, केटरिंगवाल्यांच्या गॅस लाइनी टाकतो, नावेवरच्याही टाकल्यात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'नाव उघड्यावर, गॅस उडून जातो.' सगळ्या मेसेजचा पाया हाच आणि हाच चुकीचा. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, आणि दोन्ही हवेपेक्षा जड, प्रोपेन साधारण दीडपट अन् ब्युटेन दुप्पट. घरात गळाला तर जमिनीलगत पसरतो, दाराच्या फटीतून बाहेर जातो, मोरीत उतरतो. नावेला दार कुठंय? जी नाव बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ती आतला गॅस बाहेर जाऊ देत नाही, गॅसच्या हिशोबानं नाव म्हणजे पातेलंच आहे. वर वारा सुटलेला असतो, टोपी उडते, आणि फळ्यांखाली गॅस आरामात बसलेला असतो. हवेत साधारण २ टक्के गॅस झाला की ती हवा पेट घेऊ शकते. ५ किलोच्या छोट्या हंडीतला गॅस मोकळा झाला तर दोन घनमीटरच्या वर भरतो, म्हणजे पेट घेईल अशी हवा शंभर घनमीटरच्या आसपास तयार होऊ शकते. तुमच्या नावेचं पोट त्यापुढं काहीच नाही भो, पाव हंडीसुद्धा लागणार नाही.

आणि त्या पोटात काय काय असतं बघा. बॅटरी, सेल्फ (इंजिनचा स्टार्टर), आणि पाणी उपसायचा पंप, ज्याला पाण्यासोबत वर येणारा फ्लोट स्विच लावलेला असतो, तो पाणी चढलं की आपोआप चालू होतो. कोणी बटण दाबायची गरज नाही, ठिणगी स्वतःहून पडते.

आता 'हंडी फळ्यांखाली गारव्याला ठेवा'. भुसावळ-जळगावकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो म्हणून हे सुचत असेल, उन्हातली हंडी कोणालाच आवडत नाही हे मान्य. पण सावली पाहिजे तर वर छत करा, हंडी पोटात नका घालू. बोटीवरच्या गॅसला जगभर नियम आहेत, अमेरिकेत बोट अँड यॉट कौन्सिलचा ए-१, दुसरा आंतरराष्ट्रीय, आयएसओ १०२३९, आणि दोघांचा सूर एकच आहे की हंडीजवळ गळालेला गॅस नावेच्या आत न येता बाहेर पाण्यावर गेला पाहिजे. त्यासाठी हंडीला स्वतंत्र पेटी करतात. पेटीचं झाकण फक्त वरून उघडणारं, नावेच्या आतल्या बाजूला एकही फट नाही, आणि तळाला एक नळी जी थेट नावेच्या बाहेर निघते, ए-१ प्रमाणे आतून किमान अर्धा इंच. ही नळी टाकण्यात लोक काय घोळ घालतात ते मी पाहिलंय म्हणून जरा थांबून सांगतो. नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार पाहिजे, मधे झोळ पडला की त्यात पाणी साचतं आणि पाण्यानं गॅस अडतो, म्हणजे नळी असून नसल्यासारखी. तिचं बाहेरचं तोंड खिडकी, इंजिनची जाळी असल्या कुठल्याही उघड्या जागेपासून निदान २० इंच लांब हवं. आणि ते तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, रिकाम्या नावेला नाही, भरलेल्या नावेला. सारंगखेड्याच्या यात्रेला नावेत किती माणसं बसवतात ते सगळ्यांना माहितीय. नाव तेवढी दबली की तोंड पाण्यात बुडतं आणि पेटीतला गॅस आतच. पेटीत दोरखंड, पेट्रोलचा कॅन, जाळं काही कोंबायचं नाही, हंडी उभी आणि पट्ट्यानं बांधलेली. आडवी झाली की गॅसच्या जागी पातळ एलपीजी रेग्युलेटरमधे शिरतं आणि शेगडीवर भडका उडतो.

पेटी नसेल करायची तर हंडी उघड्या डेकवर ठेवता येते, नियमात बसतं, पण गळालेला गॅस तिथून सरळ पाण्यावर वाहून जाईल आणि जवळ खाली जायचं एकही तोंड नसेल अशा जागी. आपल्याकडच्या फायबरच्या, पत्र्याच्या नावांना चारी बाजूंनी काठ असतो, त्या काठाच्या आत ठेवलेली हंडी म्हणजे उघड्यावर नव्हे.

पाइपचं बोलू. 'घरचा पाइप चालतो' म्हणणाऱ्यानं निदान कोणता ते तरी सांगावं. केशरी सुरक्षा होज चांगलाच आहे, आत तारांची जाळी असते, त्याच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायचा. पण तो ओट्यावरच्या दीड मीटरसाठी आहे, भिंतीतून किंवा लपवून न्यायला नाही, घरातसुद्धा नाही. नावेवर पेटीपासून शेगडीपर्यंतच्या लांब पल्ल्याला तांब्याची नळी नाहीतर बोटीसाठीचाच एलपीजी होज, आणि एका शेगडीला एक अखंड तुकडा. मधे टी नाही, सॉकेट नाही, जोड फक्त दोन ठिकाणी, एक पेटीत आणि एक शेगडीला. जिथं जोड तिथं गळती, मग आतल्या भागात जोड ठेवायचाच कशाला?

'पायात येऊ नये म्हणून फळ्यांखालून न्या' हे तर कहरच. खाली सतत पाणी, डिझेल, उंदीर. लाइन होईल तेवढी वरून, डोळ्यांना दिसेल अशी, वायरींपासून आणि सायलेन्सरपासून लांब न्यायची. जवळजवळ क्लिपा लावायच्या, कारण इंजिनच्या थरथरीनं तांबं कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी पसरवलेल्या नळीच्या तोंडाच्या, मानेशी बारीक चीर पडते जी नुसत्या डोळ्याला दिसत नाही. पार्टिशनमधून जाताना रबरी बुश, आणि पेटीतून बाहेर पडते तिथं हवाबंद फिटिंग, नाहीतर एवढी केलेली पेटी त्याच भोकातून गळते.

टेपचं दोन ओळीत. फ्लेअर जोडाला टेप लागतच नाही, तिथं धातूवर धातू बसतो, टेप मारली तर उलट नीट बसत नाही. आट्याच्या जोडाला लागते, पण गॅसची, नळाची पांढरी पातळवाली नाही.

काडीबद्दल काय बोलायचं. ज्यानं लिहिलंय त्यानं स्वतः केलं नसावं, नाहीतर लिहायला राहिला नसता. साबणाचा फेस लावा, तोही अमोनिया नसलेला, अमोनिया पितळेला हळूहळू चिरा पाडतो. पण खरी टेस्ट गेजची. रेग्युलेटरच्या आधी प्रेशर गेज लावायचा, शेगडीच्या चाव्या बंद, हंडी उघडायची, काटा वर आला की हंडी बंद, आणि किमान तीन मिनिटं काट्याकडं बघत बसायचं. काटा हलला की कुठंतरी गळतंय. घरच्या हंडीवर टकदिशी बसणारा रेग्युलेटर असतो त्यात गेज बसवायला जागाच नाही, म्हणून मी १९ किलोची कमर्शियल, तिला अ‍ॅडॅप्टर, पिगटेल (हंडीला जोडायचा आखूड पाइप), गेज आणि मग रेग्युलेटर अशी मांडणी करतो. तसंही पैसे घेऊन पार्ट्या करणाऱ्याला घरगुती हंडी वापरायची परवानगी नाहीच. गेज बघून हंडीत किती गॅस उरला ते मात्र समजत नाही, त्यातलं प्रेशर गरमीवर अवलंबून असतं, हा अजून एक गैरसमज.

'वास येतोच.' येतो, मर्कॅप्टन नावाचं वासाचं रसायन त्यासाठीच घालतात. पण नाक वर आणि गॅस तळाला, त्यात डिझेलचा वास, मासळीचा वास, कढईत लसणाची फोडणी, आणि थोड्या वेळानं नाक त्याच वासाला सरावतं. म्हणून गॅस अलार्म, शेगडीच्या खालच्या बाजूला, तळाजवळ पण साचलेलं पाणी लागणार नाही एवढा वर. सोबत पेटीत सोलेनॉइड वाल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) आणि त्याचं बटण स्वयंपाक्याच्या हाताशी, म्हणजे काम झालं की तिथूनच गॅस पेटीत बंद, नाहीतर फळ्या ओलांडून हंडीपर्यंत जायचा कंटाळा कोण करत नाही? शेगडी ज्योत विझली की गॅस तोडणारी घ्या, पाण्यावर वारा एका झुळकेत बर्नर विझवतो.

आणि वास आलाच तर हंडी बंद, कुठलंही बटण चालू नाही आणि बंदपण नाही, सेल्फ मारायचा नाही, झाकणं उघडायची आणि वल्ह्यानं काठ गाठून माणसं उतरवायची. म्हणून इंजिन असलं तरी वल्ही ठेवा. १९०६ हा एलपीजीचा हेल्पलाइन नंबर पाठ असू द्या.

राहिला ताडपत्रीचा मुद्दा. चारी बाजूंनी बांधलेल्या ताडपत्रीत शेगडी पेटवली की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, भांड्याचं बूड काळं पडतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही. माणसाला वाटतं डोकं दुखतंय, गाडीत बसल्यासारखं मळमळतंय. तळाजवळचा गॅस अलार्म हे पकडत नाही, त्याला वेगळा अलार्म, तोही डोक्याच्या उंचीला. धडगाव-अक्कलकुव्याकडं नर्मदेच्या पाण्यात तासन् तास नावेनं जाणारे लोक पावसात ताडपत्री बांधूनच बसतात, त्यांना ती सोडा म्हणता येत नाही. पण शेगडी पेटलेली असेपर्यंत दोन समोरासमोरच्या बाजू उघड्या ठेवा, आणि आत ऊब राहावी म्हणून शेगडी नुसती चालू ठेवून झोपू नका.