नववा दात

जुन्या डिझेल जीपचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, गेला आणि परवा उद्यमनगरात माझ्या गळ्यात आठ दातांचा सेल्फ पडला. गाडीला लागतात नऊ.

दोष सेल्फचाच होता, हे मी आधी तपासलं होतं. बॅटरी १२.६ व्होल्ट, चावी मारल्यावरही ९.६ च्या खाली जात नव्हती. अर्थची वायर घासून घेतली. (गंजलेल्या अर्थपायी अख्खा सेल्फ बदलणारे महाभाग कमी नाहीत.) नुसते कार्बन ब्रश बदलून भागलं असतं, पण ते ज्यावर घासतात तो कम्युटेटरही खाल्लेला.

काउंटरवरच्या पोराला बजावलं, नुसते १२ व्होल्ट बघू नकोस. पिनियनचे (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात, फिरायची दिशा, बोल्टच्या भोकांतलं अंतर, फ्लँजपासून पिनियनपर्यंतची खोली, सगळं जुळव. तेवढ्यात ट्रॅक्टरचं बेअरिंग न्यायला आलेल्या एका आबांनी माझा जुना सेल्फ मांडीवर घेतला.

“दात किती म्हनला?”

“नऊ.”

“आठच असत्यात.”

“आबा, सेल्फ हाय हा.”

“असंल की. आदत, दुसा, चौसा, सहादाती, मग जुळला. जुळला म्हंजे आठ. नववा कुठनं आनला तुमी? वडगावच्या बाजारात जलम गेला माझा.”

आणि अंगठा थुंकीनं ओला करून मोजायला लागले. गोल वस्तू मोजताना पहिल्या दातावर खडूची खूण करायची असते. आबांनी केली नाही. एकदा आठ आले, मग दहा, मग पुन्हा आठ.

“दोनदा आठ आलं,” आबांनी निकाल दिला. पोरगं आत गेलं आणि आठवाला घेऊन आलं. माझा जुना सेल्फ बदल्यात वळता करून भंगारात फेकला. मीही घाईत होतो, नवा मोजला नाही.

घरी बसवून चावी मारली तर करवतीनं पत्रा कापल्यासारखा आवाज! दुसऱ्यांदा मारायची छाती झाली नाही. पिनियन ज्यात अडकतो त्या इंजिनाच्या मोठ्या चाकाचे, रिंग गिअरचे, दात गेले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ती मजुरी सेल्फला लाजवते.

परत दुकानात गेलो, तर पोरानं बोट करून पाटी दाखवली. ‘इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही.’ मोजणार आबा, देणार पोरगं, आणि पैसे दोनदा माझे. पाटी लावताना ‘आम्ही चुकीचा दिला तरी’ एवढं तरी लिहावं की!

आबा तिथंच चहा पीत होते. मी ढिगातून जुना सेल्फ उपसला, खडूची रेघ मारली आणि एकेक दात दाखवत मोजला. नऊ.

आबांनी कप खाली ठेवला आणि पिनियनवरनं अंगठा फिरवला.

“मग ह्यो बैल न्हवंच.”