जरा बाजूला व्हा, आमचा फोटो चाललाय

गेल्या सप्टेंबरात आईला घेऊन कासला गेलो होतो. आई ७४ वर्षांची, गुडघे केव्हाच संपावर गेलेले, पण 'सीतेची आसवं एकदा डोळ्यांनी बघायचीत' हा हट्ट. साताऱ्याहून २५ किलोमीटर वर चढलो, रांग लावली, धुकं विरेपर्यंत तासभर ताटकळलो. शेवटी ती निळी-जांभळी फुलं दिसली. आई काठीवर भार देऊन वाकते न वाकते तोच मागून आवाज आला, "काकू, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

काकू बाजूला झाल्या. मी मात्र तेव्हापासून विचार करतोय, की फोटोग्राफी ही विद्या आपण कधी नीट शिकलोच नाही. ज्यांना ती येते त्यांच्याकडून त्या दिवशी आणि एकूणच गेल्या काही सहलींत जे ज्ञान मिळालं, ते इथे देतोय. फुकट आहे, घ्या.

पहिली गोष्ट, लेन्स पुसायची नाही. तिच्यावर भाजलेल्या कणसाचं लिंबू-मीठ असतं, कंदी पेढ्याचं तूप असतं, खिशातल्या रुमालाचा धागा असतो. हा सगळा प्रवासाचा ठेवा आहे. त्यातून काढलेल्या प्रत्येक दिव्याला मिशा फुटतात आणि लख्ख उन्हातही धुकं पडतं. सदऱ्याच्या टोकानं दोन सेकंदांत हे निघतं म्हणा, पण मग 'या फोनचा कॅमेराच भंगार' असं म्हणून नवा फोन कशाच्या जोरावर घेणार?

झूम दोन बोटांनी, ओढला जाईल तितका ओढावा. लेन्सची हद्द संपली की फोन नुसता मधला तुकडा कापून फुगवतो. फुगवू दे. समोरच्या फांदीवरचा धनेश पक्षी चिखलाच्या गोळ्यासारखा दिसला तरी तो धनेशच आहे हे सांगायला आपण आहोतच.

फ्लॅश कायम चालू. त्याचा उजेड दोन-तीन मीटरच्या पुढे पोचत नाही, पण समोरच्या डोंगराला कळायला नको का, की आपण आलोय?

समुद्र कललेलाच हवा. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग टिपा आणि सगळं पाणी डाव्या कोपऱ्यातून सांडू द्या. स्क्रीनवर ग्रिडच्या रेघा आणता येतात, पण रेघांच्या वहीतून आपण चौथीतच सुटलोय.

वेळ दुपारी साडेबाराची. सूर्य बरोबर टाळूवर, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या, नाकाची सावली थेट हनुवटीवर. कोवळं ऊन सकाळी सातला असतं, तेव्हा आपण झोपलेले असतो. हॉटेलचा नाश्ता साडेदहापर्यंत मिळतो, कशाला उगाच?

आता एडिटिंग. यात एकच नियम: जेवढ्या पट्ट्या दिसतील तेवढ्या सगळ्या उजवीकडे. गवत हिरवं असून भागत नाही, ते ओरडलं पाहिजे. आभाळ बदलता येत असेल तर बदलाच, खाली छत्र्या आणि वर मे महिन्याचं निळं आभाळ असलं तर जास्त बरं. माणसांना मात्र पोर्ट्रेट मोड. माझ्या आत्येभावानं त्या दिवशी आईचा एक काढला. "मामी, बघा कशा दिसताय!" बघितला. कपाळावरच्या आठ्या गेलेल्या, गालावरचा तीळ गेलेला, डाव्या कानातली मोत्याची कुडी मागच्या धुक्यात अर्धी विरघळलेली. उरला होता एक गुळगुळीत चेहरा, बाहुलीच्या दुकानात शोभेल असा. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कोण रे?" भावाला ती दाद वाटली. त्यानं तो लगेच घराण्याच्या ग्रुपवर टाकला, त्याच्या इतर ११८ फोटोंसोबत. त्यातल्या ४० फोटोंत एकच मिसळ आहे.

आणि आता मुख्य धडा: फुलांचे फोटो.

फुलांचा फोटो फुलांच्या बाहेर राहून काढणं हा अडाणीपणा आहे. वाट आखलेली असते ती साध्या माणसांसाठी. आपण दोरीखालून आत जायचं. कासला आमच्यापुढे जो पाचजणांचा घोळका होता तो असाच गेला. एकजण गेंदाच्या पांढऱ्या बोंडांत चक्क उताणा पसरला, हात डोक्याखाली, पायात बूट. दुसऱ्यानं ट्रायपॉडचे तीन पाय तेरड्यात रोवले. तिसरा रील काढत मागे मागे सरकत होता, मागे काय आहे हे न बघता. गावातला स्वयंसेवक शिट्टी फुंकत धावत आला तर त्याला म्हणाले, "काका, दोनच मिनिटं." ती दोन मिनिटं मी घड्याळात मोजली. अकरा झाली. उडी मारून हवेत टांगून राहायचं होतं, ते जमेना. म्हणजे प्रत्येक वेळी खाली येणं आलं. कशावर खाली येत होते? त्यांनी एकदाही बघितलं नाही.

हे पठार २०१२मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते तुमच्या उडीमुळे नव्हे. तिथे जांभ्या दगडावर कुठे चार बोटं माती आहे, कुठे तीही नाही. तिच्यात कस नाही, म्हणून तर सीतेची आसवं ओल्या मातीखाली इवल्या पिशव्या लावून बारीक जीव पकडून खातात. पावसाबरोबर उगवायचं, फुलायचं आणि पाणी आटायच्या आत बी टाकून मोकळं व्हायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. बी धरायच्या आधी चिरडलं की त्या जागी पुढच्या वर्षी काय येणार? तुमचा बूट? टोपली कारवी तर सात वर्षं थांबते एकदा फुलायला. सात वर्षं! तुम्हाला फोटोतून एक म्हातारी बाजूला होईपर्यंत सात सेकंद धीर धरवला नाही.

अहो, फूल जवळून हवंय ना? वाटेवरच उकिडवे बसा. फोन खाली फुलाच्या उंचीला आणा, फुलावर बोट टेकवा म्हणजे नजर तिथे बसेल, मग बोट तसंच खाली ओढून उजेड थोडा उतरवा. जांभळा रंग आपोआप गडद येतो, पट्टी ओढावी लागत नाही. फार जवळ गेलात तर धूसर येईल, तेव्हा वीतभर मागे या. ढगाळ दिवस यासाठी उत्तमच. काठावर हजारो फुलं आहेत, आत पाय टाकायची गरजच काय? पण तुम्हाला फूल नकोच होतं. तुम्हाला फुलात तुम्ही हवे होतात. आणि फोटोखाली हिरव्या पानाचं चित्र लावून लिहिणार, 'नेचर लव्हर'. लाज वाटू द्या थोडी.

तो घोळका गेल्यावर आम्ही पुढे झालो. गेंदात माणसाच्या मापाचा एक खड्डा पडला होता, खांद्यापाशी रुंद, पायांकडे निमुळता. कडेला सीतेच्या आसवांचं एकच फूल तिरकं होऊन उभं होतं. आई काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली, आठ्यांसकट, तिळासकट, दोन्ही कुड्यांसकट.

तेवढा एकच फोटो काढला मी. लेन्स पुसून. पाठवू का ग्रुपवर?